बिनमिठाचा मे महिना

काकडी चोचवताना बोलायचं नाही, असं मला कोणी शिकवलेलं नाही. पण बोललं की सुरी बोटावर येते, हे मी अनुभवाने शिकले आहे. सोललेली काकडी डाव्या हातात धरायची, सुरीच्या धारेने तिच्यावर भराभर घाव घालायचे, काकडी जराशी फिरवायची, पुन्हा घाव, आणि मग वरचा थर अलगद उतरवून ताटात पाडायचा. किसणीवर किसलेल्या काकडीला लगेच पाणी सुटतं. चोचवलेली खुटखुटीत राहते. आज दुपारी मुलुंडला आईच्या स्वयंपाकघरात मी एकीमागून एक काकड्या चोचवत सुटले होते, कारण हात थांबला असता तर आमचं भांडण झालं असतं.

समोरच्या दारातल्या पेडणेकर काकू उद्या सकाळी कायमच्या पुण्याला चालल्या आहेत, मुलाकडे. काकूंचं वय झालं, काका गेले, इथला फ्लॅट विकला. आमच्या घरात इतकी वर्षं असं धरून चालतात की ताईचं पहिलं बाळ काकूंनी दिलेल्या कैरीमुळे गेलं. कैरीमुळे म्हणजे कैरीला लावलेल्या मिठामुळे. तसं ते नव्हतं, हे मला परवाच कळलं. ते काकूंच्या कानावर घालायला आजचाच दिवस आहे, आणि आई मला जाऊ देत नाही.

"आता कशाला उकरून काढतेस?" आई पंख्याखाली खुर्चीत बसून कोथिंबीर निवडत होती. "जाताहेत ना? जाऊ देत सुखाने."

"सुखाने कशा जातील? डोक्यावर एवढं घेऊन?"

"विसरल्या असतील त्या. तू काकडी कर."

मी काकडी केली. चाळिशी ओलांडलेल्या बाईला आईने असं गप्प करावं याचा मला मनस्वी राग आला, पण मे महिन्यातल्या दुपारी रागावण्यालाही ताकद लागते.

मुलुंडचा उन्हाळा मुंबईच्या नावावर खपवतात, ते मला मान्य नाही. समुद्राचा वारा तिकडे दादर-माहीमची माणसं खाऊन टाकतात, आमच्यापर्यंत उष्टासुद्धा पोचत नाही. मागे डोंगर दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ते सगळं ऊन आमच्या अंगावर परत करतो. म्हणून आमच्याकडे मे महिन्यात दुपारचा गॅस पेटत नाही. भात सकाळी होतो, तो दह्यात कालवायचा. बाकी सगळं कच्चं. काकडीची कोशिंबीर, कोबीची पचडी, भिजवलेली मुगाची डाळ आणि तिच्यात कैरीचा कीस, ओलं खोबरं घालून दडपलेले पातळ पोहे, पांढरा कांदा. नंतर ताडगोळे, नाहीतर कलिंगड. आता माझ्या ऑफिसातल्या मुली हेच प्लास्टिकच्या डब्यातून मागवतात, त्याला सॅलड म्हणतात आणि फोटो काढतात. काढू देत बापड्या. उन्हाळ्यात पोटाला जड नको, एवढं त्यांना कळलं हेही पुष्कळ आहे.

ताईचं ते बाळ गेलं त्या वर्षी मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी होते. ताईला सातवा लागला होता आणि ती दहिसरहून बाळंतपणाला माहेरी आली होती. आली तेव्हाच तिचे पाय सुजलेले होते. स्वतःच्या चपला होईनात म्हणून बाबांची रबरी स्लीपर घालून ती घरात फटक फटक फिरायची, आणि मी तिला "बाबा, चहा झाला का?" म्हणून चिडवायचे. पहिल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तिचं प्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि आमचं चिडवणं तिथेच संपलं.

मीठ बंद. शिजवताना नाही, वरून नाही. लोणचं, पापड, फरसाण डोळ्यांसमोरही नको. रोज घरी प्रेशर बघायचं. खालचा आकडा नव्वदच्या पुढे गेला, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर असाल तसे निघून यायचं. बाईंनी हे अगदी शांतपणे सांगितलं. बाबा त्याच संध्याकाळी प्रेशरचं मशीन विकत घेऊन आले.

आई ऑफिसला जायची, तेव्हा ताईचं दुपारचं जेवण माझ्याकडे आलं. फोडणीच्या वासानेच तिला उलटी व्हायची, त्यामुळे जे काही करायचं ते थंड, बिनवासाचं आणि बिनमिठाचं. माझ्यासारख्या धांदरट मुलीला हे काम म्हणजे शिक्षाच होती. पण त्या महिन्यात मी हट्टाला पेटले. बाजार उघडायच्या आत मी भाजीवाल्याकडे हजर असायचे. काकडीचं टोक कापून ते काकडीवरच फेस येईपर्यंत घासायचे, तरी एक चकती चाखल्याशिवाय ताटात घालायची नाही. लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, दाण्याचं कूट, चिमूटभर साखर, डाळिंबाचे दाणे, पुदिना, ओलं खोबरं. मिठाची जागा भरून काढायला मी काय काय घातलं नसेल! पण मीठ नसलं की काकडी ताठच्या ताठ राहते. दही वेगळं, ती वेगळी, कूट वेगळं. कोणाचं कोणाशी बोलणं नाही.

ताई ताटाकडे बघायची, माझ्याकडे बघायची, आणि डोळे मिटून घास गिळायची.

"छान झालंय गं."

"खोटं बोलू नकोस."

"अगं, गार तरी आहे ना!"

त्या दुपारींचे वास मला अजून वेगवेगळे आठवतात. खिडकीला लावलेल्या ओल्या वाळ्याच्या पडद्याचा, चिरलेल्या पुदिन्याचा, ताईच्या डोक्याला लावलेल्या माक्याच्या तेलाचा. दुपारी वीज जायची. पंख्याची पाती हळूहळू मोकळी दिसायला लागायची, आणि मग सगळ्या बिल्डिंगचे आवाज आत यायचे. खालच्या मजल्यावर कोणीतरी बर्फ फोडतंय, गच्चीवर पापड राखणाऱ्या बायका हसताहेत, कबुतरं घुमताहेत. त्या शांततेत मशीनचा पट्टा फुगायचा आवाज फार मोठा वाटे. घर्र करत तो ताईच्या दंडावर आवळत जायचा, मग फुस्स फुस्स करत सैल व्हायचा. मी आकड्याकडे बघायचे. ताई आकड्याकडे कधीच बघत नसे, ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी चेहरा मख्ख ठेवायला त्या महिन्यात शिकले. पुढे नोकरीत त्याचा फार उपयोग झाला, पण शिकले ते असं.

आकडा अलीकडे असला की मी म्हणायचे, "झकास. जा, झोप आता." आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायचे.

पेडणेकर काकू रोज दुपारी यायच्या. त्या मालवणकडच्या, आवाज खणखणीत, अंगाने भरलेल्या. त्यांना मुलगी नव्हती आणि ताईवर त्यांचा आमच्याहून जास्त हक्क होता, असं त्या समजायच्या. ताईला मांडीशी बसवून तिचे केस विंचरायच्या आणि माझ्या ताटाकडे बघून नाक मुरडायच्या.

"ह्या काय जेवण? ह्या तर गुरांचा खाणा!"

"काकू, डॉक्टरांनीच सांगितलंय. मीठ बंद."

"डॉक्टरणीक लागले हत काय डोहाळे? चेडू कैरी कैरी करता. पोटुशीचा मन मारूचा नसता गो. डोहाळे पुरवूक नाय तर पोराची लाळ गळता."

"गळू दे. रुमाल बांधू आपण."

ताई खुदकन हसायची. काकूंना हसू यायचं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाही बाईला दिवस गेले की काकू तिच्या दारात. कुणाला करंदीची भजी, कुणाला बोरं, कुणाला नुसती भाजलेली माती. कोणाला काय खावंसं वाटतंय हे त्यांना त्या बाईच्या नवऱ्याआधी कळायचं. डोहाळे राहिले, हे त्यांच्या लेखी पाप होतं. ताईचं डोहाळजेवण ठरलेलं असून आईने रद्द केलं, तेव्हा सगळ्यात जास्त काकू रडल्या होत्या.

ताईला हवी होती ती साधी कैरीची फोड, तिखटमीठ लावलेली. रात्री झोपेतसुद्धा ती तोंडाने चटक चटक आवाज करायची. मी तिला मीठ न लावता कैरी दिली, गूळ लावून दिली, लाल तिखट लावून दिली. तिने ती चाखून माझ्या हातात परत ठेवली. संध्याकाळचं ताट मात्र आई स्वतः वाढायची आणि ते ताई बऱ्यापैकी संपवायची. मला वाटायचं, उन्हं उतरली की भूक लागत असेल.

महिना संपत आला होता. त्या दुपारी मी जेवण घेऊन गेले तर ताई पलंगावर बसून डोळे चोळत होती. म्हणाली, "खिडकी लाव गं, फार चमकतंय." खिडकीला पडदा होता. मी पट्टा बांधला. आकडा बघितला आणि माझा चेहरा मला पहिल्यांदाच सांभाळता आला नाही. ताईने तो बघितला. मी खाली धावत गेले, रिक्षा आणली, काकूंनी आणि मी तिला दोन्हीकडून धरून जिना उतरवला. काकू अनवाणीच होत्या. डांबर भाजत होतं. रिक्षात त्या सारख्या ताईच्या गालावर हात फिरवत "वैशू, माझ्याकडे बघ" म्हणत होत्या. ताई त्यांच्याकडे बघत होती, पण तिला कोणी दिसत नव्हतं. हॉस्पिटलच्या दारात तिला झटका आला.

ताई वाचली. बाळ मुलगी होती. संध्याकाळपर्यंत होती.

ताईला घरी आणायच्या आदल्या दिवशी आईने तिची खोली झाडायला काढली आणि पलंगाखाली एक स्टीलची वाटी सापडली. तिच्यावर पेडणेकर असं नाव कोरलेलं होतं. आत कैरीची वाळलेली सालं आणि बुडाशी मीठ. आई वाटी हातात घेऊन किती वेळ तशीच उकिडवी बसली होती. मग तिने ती घासली, पुसली आणि रिकामी काकूंच्या उंबऱ्यावर ठेवून दार लावून घेतलं. आमच्याकडे शेजारणीचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. चार शेंगदाणे तरी घालतात, काही नाही तर साखर. काकूंना समजायचं ते समजलं.

भांडण नाही, शिवीगाळ नाही. दोन्ही दारं लागली, एवढंच. पण बिल्डिंगला भिंती असतात तशी तोंडंही असतात. कुठल्याही बाईला दिवस गेले की घरातली मोठी माणसं तिला हळूच सांगायची, पेडणेकरांकडचं काही खाऊ नकोस. डोहाळजेवणाची बोलावणी पूर्वी त्यांना सगळ्यांच्या आधी जात, ती बंद झाली. पुढे माझं डोहाळजेवण खालच्या हॉलमध्ये झालं तेव्हा काकू त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालत उभ्या होत्या. कपडे कधीच वाळत घालून झाले होते. मी मान वर करून हसले, त्या आत गेल्या. आई माझ्या केसांत फुलं माळत होती आणि तिचे हात गार पडले होते, हे मला तेव्हा जाणवलं होतं. मी त्याला आईचा राग समजले.

परवा माझ्या नणंदेला घेऊन घाटकोपरला डॉक्टरांकडे गेले होते. तिलाही सातवा, तिचंही प्रेशर वर. डॉक्टर तरुण होत्या, गोळ्या लिहून दिल्या, रोज मोजा म्हणाल्या. मी विचारलं, "आणि मीठ बंद?"

"नाही, नाही. जेवणात असतं तेवढं खाऊ दे."

"आमच्या वेळी बंद केलं होतं. पूर्ण."

"पूर्वी सांगायचे. मिठामुळे हा आजार होत नाही, आणि मीठ बंद केल्याने टळतही नाही. जिला व्हायचा तिला होतो हो."

"चोरून एखादी वाटी कैरी खाल्ली असली, तिखटमीठ लावून, तरी?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "तरी," त्या म्हणाल्या.

मी बाहेर येऊन जिन्यातच ताईला फोन लावला. डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तिचा मुलगा आता कॉलेजात आहे, त्या उन्हाळ्याबद्दल आम्ही दोघी कधीच बोलत नाही. मग ती म्हणाली, "मला कधी वाटलंच नाही गं काकूंमुळे झालं म्हणून. ती कैरी मीच मागितली होती. पण आईला कोण सांगणार? आणि मग तर बोलायचीच सोय उरली नाही." आणि म्हणाली, "तू सांग त्यांना. माझ्या तोंडून नाही निघणार."

म्हणून आज मी आले. आणि ही माझी आई कोथिंबिरीच्या काड्या एकसारख्या करत बसली होती.

ताट काकडीने भरलं होतं. आम्हा दोघींना आठवडाभर पुरली असती. मी सुरी खाली ठेवली.

"मी जातेय, आई."

"बस खाली."

"तू नको येऊस. मी एकटी सांगते."

"बस म्हणते ना!" ती ओरडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "नक्की असं म्हणाल्या त्या? मिठाने होत नाही?"

"सकाळपासून किती वेळा सांगू?"

"थोड्याशाने नाही होत, की अजिबातच नाही?"

"अजिबात नाही."

"रोज थोडं थोडं पोटात गेलं असलं तरी?"

मला प्रश्न कळेना. एक वाटी, एक दुपार. रोज कुठून आलं? आई माझ्याकडे बघत नव्हती. तिने कोथिंबिरीची जुडी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

"मी घालायचे," ती म्हणाली. "रात्री तिचं ताट वाढताना. तू पाठमोरी असायचीस. एवढंसं, चिमटीभर. ती पोर ते पांचट गिळायची ना डोळे मिटून, मला बघवायचं नाही. म्हटलं, एवढ्याने काय होतंय."

पंखा फिरत होता.

"मग ती वाटी सापडली," आई म्हणाली. "आणि मला देव भेटल्यासारखं झालं बघ. माझ्या हाताने नाही गेलं, त्यांच्या हाताने गेलं. इतकी वर्षं तेच धरून राहिले. समोरचं दार उघडलं की छातीत धस्स व्हायचं माझ्या."

मला तिचा संताप आला. खरंच आला, तो लपवत नाही. एका बाईच्या हातचं खायचं अख्ख्या बिल्डिंगने सोडलं, आणि ही दाराच्या आतून बघत राहिली. पण त्याच वेळी मला दिसत होतं की आजवर एक रात्रही ती धड झोपली नसणार. राग आणि माया एकाच वेळी आली की माणसाने काय करायचं, हे मला अजून माहीत नाही. मी तिच्या मांडीवरची कोथिंबीर उचलून बाजूला ठेवली.

आई उठली. हात धुतले. गाऊनवर ओढणी घेतली, ती नीट दोन्ही खांद्यांवर सारखी केली. मला वाटलं आता ती पुन्हा बसेल. ती दार उघडून बाहेर गेली. मी मागोमाग.

समोरची बेल तिने दाबली आणि हात तसाच बटणावर राहिला. आत काठीचा आवाज हळूहळू जवळ आला. दार उघडलं. काकू किती लहान झाल्या होत्या! त्यांनी आधी मला पाहिलं, मग आईला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. एवढ्या वर्षांनी आई त्यांच्या दारात उभी म्हणजे काहीतरी भयंकर झालं, असंच त्यांना वाटलं असणार. काठी तशीच सोडून त्यांनी चौकट धरली.

"वैशू बरी आसा मां?"

मीच म्हणाले, "बरी आहे, काकू. ताई छान आहे."

"वहिनी," आई म्हणाली, "मिठाने नव्हतं झालं ते. डॉक्टर म्हणाल्या. तुमच्याने नव्हतं झालं, आणि..." ती थांबली, पण मागे वळली नाही. "आणि माझ्यानेही नव्हतं झालं. मीही घालत होते. मी बोलले नाही."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या दार लावतील. लावलं असतं तरी मी त्यांना नाव ठेवलं नसतं. मग त्या बाजूला झाल्या आणि आम्हाला आत यायला वाट दिली. हॉल रिकामा होता, भिंतींवर तसबिरींचे चौकोन आणि जमिनीवर बांधाबांध केलेले खोके. काकू मध्यभागी उभ्या राहून इकडेतिकडे बघायला लागल्या. पदराने डोळे पुसायच्या आणि पुन्हा बघायच्या.

"आता तुमका खाऊक काय देऊ गो मी?" त्या म्हणाल्या. "भांडी सगळी भरून झाली."

आई खाली बसली आणि तिने जवळच्या खोक्याची चिकटपट्टी नखाने सोडवायला सुरुवात केली.